नवी छागल आधी भिजवावी

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

चौसाळा, ता. १० सप्टेंबर १९९५

चि. संगमेश्वर यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पुण्यात खोली मिळाली, खानावळही जवळच आहे, हे वाचून बरं वाटलं. तिथल्या वरणाला फोडणी नसते म्हणून रडगाणं गाऊ नकोस. इथं होतास तेव्हा आईच्या फोडणीलाही नावं ठेवायचास. आई जाऊन दोन वर्षं झाली, आता कुठंही जेवायला बसलास की तुला तिचा हात आठवतो, हे मला न सांगता कळतं. मलाही आठवतो.

आता कामाचं. तू धारेश्वर पंपांच्या कंपनीत लागलास आणि तुझे दाजी त्याच पंपांचे इथले विक्रेते, त्यामुळे तुमच्या कंपनीच्या सगळ्या भेटवस्तू आमच्याच घरात येऊन पडतात. गेल्या दिवाळीच्या भेटींचं पुढं काय झालं ते ऐक. प्लॅस्टिकचा पाण्याचा जग आला होता, त्याचा दांडा संक्रांतीच्या आत निखळला. भिंतीवरचं घड्याळ दुपारी एकला बंद पडलं आणि दाजी अजून त्याच्याकडे बघून जेवायला उठतात. रेक्झिनच्या बॅगेचा बंद शेजारच्या सरस्वतीबाईंच्या शेळीनं खाल्ला. बीडहून गुरांचा डॉक्टर आणावा लागला. शेळी वाचली, पण सरस्वतीबाई आमच्याशी बोलायच्या बंद झाल्या.

गावात शेतकऱ्यांना वाटलेले तसलेच जग आता दुकानामागच्या ओढ्यात पडलेत. प्रत्येकावर तुमच्या कंपनीचं नाव ठळक अक्षरांत. ओढ्याला पाणी कमी आणि धारेश्वर पंप जास्त, अशी गत आहे. दाजी म्हणतात की एवढी टिकाऊ जाहिरात दुसऱ्या कुठल्या कंपनीची नाही. तुझ्या साहेबांना एकदा नीट सांग की चौसाळ्याच्या ओढ्यात आता जागा उरलेली नाही, यंदा काही पाठवू नका.

तब्येतीला जप. रागावते म्हणून पत्र लिहायचं सोडू नकोस, रागवायला मला तुझ्याशिवाय कोण आहे?

तुझी,
शिवकांताअक्का

*

पुणे, ता. २६ सप्टेंबर १९९५

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं माझी नोकरी जाता जाता राहिली. मी ते जेवणाच्या सुट्टीत दोघातिघांना वाचून दाखवलं, आणि शेळीची गोष्ट संध्याकाळपर्यंत साबडे साहेबांच्या कानावर गेली. साबडे साहेब म्हणजे आमच्या विक्री विभागाचे प्रमुख. त्यांनी मला बोलावून विचारलं की शेळीवाला तूच का. मी हो म्हणालो आणि मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

पण झालं भलतंच. यंदा एका जर्मन कंपनीनं आमच्या कंपनीत भागीदारी घेतलीय. हल्ली सगळीकडे हेच चाललंय. त्यांचे रिश्टर साहेब इथं येऊन बसलेत आणि त्यांनी पत्रक काढलंय की यापुढे विक्रेत्यांना द्यायची भेट टिकणारी हवी, रोज वापरात येणारी हवी आणि जुनी झाल्यावर तिचा कचरा होता कामा नये. ऑफिसात सगळ्यांनी ते पत्रक दोनदा वाचलं आणि एकमेकांकडे पाहिलं. प्लॅस्टिक सोडून आणखी काय देतात हे कुणालाच सुचेना. मग साबडे साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात बांधलं. जानेवारीत विक्रेत्यांचा मेळावा आहे, त्यासाठी पाचशे नग हवेत.

एकानं तागाची फाइल सुचवली, एकानं लाकडी पेनस्टँड, एकानं रोपं वाटायचं काढलं. अक्का, मी अजून उमेदवारीवर आहे. हे काम नीट झालं तर कायम होईन. तक्रार तू केलीस, आता उपायही तूच शोध.

दाजींना नमस्कार. त्यांना जेवायला वेळेवर वाढत जा, घड्याळाचं काही खरं नाही.

तुझा,
संगमेश्वर

*

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

चौसाळा, ता. १४ ऑक्टोबर १९९५

चि. संगमेश्वर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेनस्टँड देऊन आमच्या शेतकऱ्यांनी त्यात काय ठेवायचं, स्पॅनर? आणि रोपं जानेवारीत वाटली तर मार्चपर्यंत त्यांच्या काड्या होतील. पाण्याची कंपनी तुमची, आणि पाण्याचा विचार कुणालाच सुचू नये?

छागल दे. विसरला नसशील. जाड कॅनव्हासची पिशवी, वर लाकडी तोटी, दोरीनं टांगायची. आपले बाप्पा बाजारच्या गावांना कापड विकायला निघाले की गाडीच्या जुवाखाली टांगलेली असायची. बाहेरून ओलसर राहते म्हणून वाऱ्यानं आतलं पाणी गार होतं. बर्फ लागत नाही, वीज लागत नाही, फुटत नाही. फाटली तर ठिगळ लागतं आणि अगदीच गेली तर मातीत मिसळते. शेळीनं खाल्ली तरी डॉक्टर नको.

आपल्याकडे छागली आश्रुबामामा शिवतात, तुला ठाऊकच आहे. खरं सांगायचं तर त्यांचा विचार करूनच हे लिहिते आहे. ते आणि त्यांची बायको सिंधुबाई मिळून ताडपत्र्या, गाडीवर टाकायचे ताव, खळ्यात अंथरायची फारी शिवायचे. आता सगळा बाजार निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीनं भरलाय. वर्षभरात त्यांच्या यंत्राला धड काम नाही. बीडचा राधाकिशन सीटकव्हरवाला ते यंत्र मागतोय. यंत्र गेलं तर दोघं मुलगी मायाला घेऊन पुण्याकडं पुतण्याच्या आसऱ्याला जायचं म्हणताहेत, कुठंतरी वॉचमन म्हणून. तीस वर्षं ज्या हातांनी दोरा ओढला त्यांनी फाटक उघडायचं, हे माझ्यानं बघवणार नाही.

मी त्यांना विचारलं. ते म्हणाले की पाचशे लई हायेत, पण करू. सिंधुबाई म्हणाल्या की आधी त्या साहेबाला म्हणावं पाणी पिऊन बघ. म्हणून दाजी पुढच्या महिन्यात एक नमुना घेऊन येतील.

सणाला येणं जमत नसेल तर निदान दिवाळीच्या दिवशी शेजाऱ्यांकडे तरी जेव. उत्तराची वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
अक्का

*

पुणे, ता. २२ नोव्हेंबर १९९५

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

काम फत्ते! दाजी बसमधून उतरले ते हातात भरलेली छागल घेऊनच. चौसाळ्याहून निघालेलं पाणी रात्रभराच्या प्रवासानंतरही गारच होतं. साबडे साहेब एक ग्लास प्यायले, मग दुसरा प्यायले, मग त्यांनी रिश्टर साहेबांना बोलावून आणलं. रिश्टर साहेबांनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली, शिवण पाहिली, आणि तोटीखाली लाल दोऱ्याचे दोन टाके आहेत ते कशाचे म्हणून विचारलं. दाजींनी सांगितलं की ती आश्रुबामामांची खूण आहे, ते नाव लिहीत नाहीत, तेवढे टाके घालतात. साबडे साहेबांना ते टाके डागासारखे वाटले, पण रिश्टर साहेब म्हणाले की राहू द्या.

पाचशेची ऑर्डर पक्की. कापडावर कंपनीचं नाव आणि खाली घोषवाक्य छापून मी पाठवतो, मामांनी फक्त शिवायचं. घोषवाक्य नवीन आहे, 'पाणी तिथं आम्ही'. साबडे साहेबांनी स्वतः केलंय, त्यामुळे त्यावर तुझं मत कळवू नकोस.

दाजी परतताना खूश होते. तुझी कृपा अशीच असू दे, मला तिचा फार उपयोग होतो.

तुझा,
संगमेश्वर

*

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

चौसाळा, ता. १७ जानेवारी १९९६

चि. संगमेश्वर यास तिळगुळासह आशीर्वाद. वि. वि.

काल पाचशे छागली ट्रकनं रवाना झाल्या. दोन महिने मामांच्या दारात सकाळी सातपासून यंत्राचा आवाज होता. दोऱ्याला मेण लावायला सिंधुबाई, तोट्या बसवायला दोन शेजारणी, आणि शाळेतून आल्यावर लाल टाके घालायला माया. ती नववीत आहे, अक्षर मोत्यासारखं. राधाकिशन मध्यंतरी एकदा येऊन गेला. मामांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही, कारण बसायला जागाच नव्हती. त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास.

मेळाव्यात फोटो काढून घे, मामांना दाखवायचा आहे. सुखरूप राहा आणि तिळगूळ एकट्यानं संपवू नकोस, ऑफिसातही दे.

तुझी,
अक्का

*

पुणे, ता. २९ जानेवारी १९९६

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

कुठल्या तोंडानं लिहू तेच कळत नाही. मामांनी हे असं कसं केलं?

काल मेळावा झाला. हॉटेलचा मोठा हॉल, लाल गालिचा, राज्यभरातले विक्रेते. साबडे साहेबांची कल्पना अशी की प्रत्येक खुर्चीच्या पाठीला एक भरलेली छागल टांगायची, म्हणजे पाहुणे बसले की हाताशी गार पाणी. हॉटेलच्या माणसांनी खोकी फोडली आणि नळाखाली धरून भराभर भरली. सव्वानऊला टांगून झाल्या. साडेनऊला दीपप्रज्वलन. तेवढ्या वेळात पाचशे छागली एकदम गळायला लागल्या. थेंब थेंब नाही अक्का, धार. गालिच्याचा चिखल झाला. नांदेडच्या विक्रेत्यांचा पांढरा सफारी मागून भिजला आणि ते जेवणापर्यंत भिंतीला टेकून उभे होते. रिश्टर साहेबांच्या बुटांतून चालताना आवाज यायला लागला. आणि या सगळ्यावर, व्यासपीठाच्या मागं, आडवा मोठा फलक, 'पाणी तिथं आम्ही'. कुणीतरी तो मोठ्यानं वाचला आणि सगळा हॉल हसायला लागला.

साबडे साहेब हसले नाहीत. पन्नासेक लोकांनी गंमत म्हणून छागली नेल्या, बाकीच्या वाळवून परत पाठवायचा हुकूम झालाय. माझं कायम होणं आता देवाच्या हातात आहे. मामांना विचार, कापड तेच होतं, शिवण तीच होती, मग नमुना गळला नाही आणि या कशा गळल्या?

फोटो आहेत. दाखवण्यासारखे नाहीत. तरीही मला आपलंच म्हण.

तुझा,
संगमेश्वर

*

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

चौसाळा, ता. ५ फेब्रुवारी १९९६

चि. संगमेश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले, मग कपाळावर हात मारला. अरे शहाण्या, भिजवल्या नाहीत का?

नवी छागल आधी बुडवून ठेवायची असते. एक अख्खा दिवस आणि एक रात्र. पाण्यानं कॅनव्हासचा धागा फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात, मग ती नुसती ओलावते, गळत नाही. कोरी भरली तर गळणारच, तिचा काय दोष? नमुना दाजींनी नेला तो मामांनी दोन दिवस हौदात ठेवलेला होता. तुला हे सांगायचं मला सुचलंही नाही. केळं सोलून खा असं कुणी कुणाला लिहितं का? इथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि तू तर छागलीचंच पाणी पिऊन वाढलास. मग मी विचार करत बसले की तुला ठाऊक कसं नाही. मग आठवलं. शिवरात्र झाली की आई माळ्यावरून छागल काढायची आणि न्हाणीतल्या घंगाळात बुडवून वर पाटा ठेवायची. तू सकाळी उठायचास तेव्हा ती भरून दारात टांगलेली असायची. आपण दोघं पाणी पिऊन हुंदडायला मोकळे. मी मुलगी म्हणून मला पाटा उचलायला तरी बोलावायची. तुला कुणी बोलावलंच नाही. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, पण तू रडू नकोस, तुझ्याकडे पाणी खूप झालंय.

आता एक कर. आजच्या आज साबडे साहेबांना सांग की माल चांगला आहे, चूक सांगण्यात झाली. मामांना मी अजून काही बोलले नाही. त्यांच्या कामाला उणा शब्द लागता कामा नये.

वाट बघते.

तुझी,
अक्का

*

पुणे, ता. ४ मार्च १९९६

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र लिहिलं नाही याचं कारण तू ओळखलं असशील. मी साहेबांना सांगितलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी मी न्हाणीघरातल्या बादलीत एक छागल बुडवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरून खिडकीत टांगली. एक थेंब गळला नाही. पाणी प्यायलो तर तीच चव, कॅनव्हासचा थोडा वास असलेली. तीन वेळा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. दर वेळी ते कुणाला तरी सांगत होते की गावठी माल घेतला की असंच होतं, आणि मी परत फिरलो. चूक माझी म्हटलं की उमेदवारी संपली, घरी जा, असं होईल असं वाटलं. आता गोदामानं खोकी भरली आहेत आणि प्रत्येकावर 'सदोष माल' असा शिक्का मारलाय. तो शिक्का मी बघितला आणि गप्प बसलो. माझी मलाच लाज वाटते अक्का.

ट्रक येईल तेव्हा मामांच्या आधी तू खोकी गाठ.

तुझा अपराधी,
संगमेश्वर

*

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

चौसाळा, ता. २८ मार्च १९९६

चि. संगमेश्वर यास, वि. वि.

आशीर्वाद लिहिलेले नाहीत हे तुझ्या लक्षात आलं असेल. यंदा बाकी ठेवलेत.

खोकी मला गाठता आली नाहीत. ट्रकवाल्यानं परस्पर मामांच्या दारात उतरवली. शिक्का मायानं वाचून दाखवला. मी पोचले तेव्हा मामा एक एक छागल उजेडात धरून शिवण तपासत होते. मी सगळं सांगितलं, तुझी चूक, तुझं गप्प बसणं, सगळं. ते एवढंच म्हणाले की तीस वर्सांत आपलं काम कुनी माघारी धाडलं न्हवतं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. सिंधुबाईंनी मात्र तुझा चांगला उद्धार केला, तो लिहिण्यासारखा नाही. त्याच संध्याकाळी मामांनी राधाकिशनला निरोप धाडला की यंत्र पाडव्याला घेऊन जा.

मग मी खोटं बोलले. पाडव्याला राधाकिशन टेम्पो घेऊन आला तेव्हा त्याला सांगितलं की खोली कंपनीच्या मालानं भरलीय, यंत्र बाहेर काढायला वाट नाही, अक्षयतृतीयेला ये. तो गेला. पण त्याआधी माल सदोष नाही हे लोकांना दाखवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दाजींच्या दुकानातल्या हौदात, जिथं ते पंप चालवून दाखवतात, तिथं मी शंभर छागली बुडवल्या. दाजी म्हणाले की गिऱ्हाइकाला पंप कुठं दाखवू. मी म्हटलं की आठ दिवस तोंडानं सांगा.

हमरस्ता आपल्या दारातून जातो. उन्हानं डांबर मऊ झालंय. ढाब्यावर थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकला, जीपला, एसटीच्या ड्रायव्हरला मी एक एक भिजवलेली छागल भरून फुकट दिली. प्रत्येकाला बजावलं की सुकू देऊ नका, सुकली तर पुन्हा एक दिवस बुडवा. दोनशे गेल्या. काल सोलापूरचा एक ट्रकवाला परत येऊन दोन जास्तीच्या मागत होता. मामा लांबून बघतात.

अक्षयतृतीया वीस एप्रिलला आहे. तोवर मी राधाकिशनला थोपवू शकते. पुढचं तुझ्या जिभेवर आहे. आशीर्वाद हवे असतील तर कमावून ने.

अक्का

*

पुणे, ता. १६ एप्रिल १९९६

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

परवा आम्ही तुमच्या दारात उतरलो तेव्हा तू साबडे साहेबांसमोर मला काही विचारलं नाहीस, याबद्दल तुझे उपकार. गाडीत काय झालं ते आता लिहितो.

लातूरच्या विक्रेत्यांकडे निघालो होतो, साबडे साहेब, रिश्टर साहेब आणि मी. बरोबर विकतच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. बीड सोडेपर्यंत त्यांतलं पाणी चहा टाकण्याइतकं गरम झालं. मांजरसुंब्याच्या पुढे समोरून एक ट्रक आला, आरशाला छागल टांगलेली, तिच्यावर धारेश्वर पंपांचं नाव. मग दुसरा. मग एसटी. रिश्टर साहेब बोटांवर मोजायला लागले आणि सतरा झाल्यावर त्यांनी विचारलं की या दुरुस्त कुणी केल्या.

साबडे साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो की दुरुस्त कुणी केल्या नाहीत, त्या बिघडल्याच नव्हत्या. मग सगळं सांगितलं. भिजवायच्या असतात हे मला ठाऊक नव्हतं, फेब्रुवारीत ठाऊक झालं, आणि तरीही मी शिक्का मारू दिला. आईच्या घंगाळाचंही सांगितलं, ते का सांगितलं ठाऊक नाही. साबडे साहेबांनी ड्रायव्हरला चौसाळ्यात थांबायला सांगितलं.

पुढचं तू पाहिलंस. साबडे साहेब दाजींच्या दुकानात उभ्या उभ्या तीन ग्लास पाणी प्यायले, आणि सिंधुबाईंनी तोंडावर सांगितलं की साहेब, पाच वर्साच्या पोराला इचारलं आस्तं तरी कळलं आस्तं. परतताना ते एकटेच हसत होते.

निकाल असा. माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली, माल गळला म्हणून नव्हे, मी गप्प बसलो म्हणून. मला ते पटलं. मामांना कंपनीच्या कागदावर माफीचं पत्र निघालंय, सही साबडे साहेबांची. आणि उन्हाळा संपायच्या आत एक हजार नव्या छागलींची ऑर्डर. प्रत्येकीला एक चिठ्ठी बांधायची, तिचा मजकूर मी लिहिलाय. 'नवी छागल आधी एक दिवस व एक रात्र पाण्यात बुडवून ठेवावी. त्यानंतर भरावी.' साहेब म्हणाले की घोषवाक्यापेक्षा हे बरं आहे.

आशीर्वाद आता तरी पाठव.

तुझा,
संगमेश्वर

*

पोस्टकार्ड

चौसाळा, ता. २१ एप्रिल १९९६

चि. संगमेश्वर यास बाकीच्यासकट सगळे आशीर्वाद. काल अक्षयतृतीयेला राधाकिशन टेम्पो घेऊन आला. यंत्र चालू होतं, मामांनी मान वर केली नाही. सिंधुबाईंनी त्याला आमरस वाढला आणि टेम्पोला एक छागल बांधून दिली. तो भिजवायची चिठ्ठी दोनदा वाचून गेला. सरस्वतीबाईही एक छागल मागायला आल्या, म्हणजे बोलायला लागल्या. जागा संपली. अक्का.

*

चौसाळा, ता. ६ मे १९९६

संगमेश्वरराव यांना आश्रुबाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

म्या सांगतो आन् माया लिवती. तिला सांगितलंय की जसं बोलतो तसंच लिव, सुदारू नको.

तुमच्या साहेबाचं पत्र आलं. मायानं तीनदा वाचलं. सिंधुबाईनं ते पत्र्याच्या डब्यात ठिवलंय. हजारातल्या चारशे झाल्या. यंत्राला तेल द्यायला बी सवड न्हाई, लई बरं हाय.

तुमच्यावर राग व्हता. खोटं कावून बोलू. शिक्का बघितला तवा वाटलं की आपल्या गावचं पोरगं आसून यानं आपल्याला वळखलं न्हाई. मग अक्कानं सांगितलं की गाडीत तुमी सोताहून बोललात. मानूस चुकतंय. बोलला, इषय मिटला.

साहेब म्हनत व्हते की छागलीवर कंपनीच्या नावाखाली तुमचं बी नाव छापू. म्या नको म्हनलो. लाल टाके हायेत तेवढे बास.

आता ह्या पार्सलाचं. म्या परवा अक्काकडं गेलतो. तिच्या माळ्यावर तुमच्या आईची, सुभद्राक्काची, जुनी छागल सापडली. मीच शिवलेली, माझ्या पयल्या साली. लाल टाके बघून वळखली. एका बाजूला उंदरानं कुरतडली व्हती, तितं ठिगळ लावलंय. तोटी नवी बसवली. ती तुमाला धाडतो हाय. ही भेट कंपनीची न्हाई, म्हनून हिच्यावर कुनाचंच नाव न्हाई.

आन् एक ध्यानात ठिवा. जुनी हाय म्हनून तशीच भरू नका. छागल किती बी जुनी आसू द्या, वाळली की कोरीच. दर उनाळ्याला पयल्यांदा भिजवावीच लागती. इतकी वर्सं तुमची आई भिजवायची. आता तुमी भिजवा.

गावाकडं आलात की दारावरून तसंच जाऊ नका.

आश्रुबा

ता. क. दादा, मी माया. बाबांनी ही छागल दोन दिवस आमच्या हौदात ठेवून, भरून, एक थेंब गळत नाही हे बघून, मग वाळवून पाठवली आहे. तरी तुम्ही भिजवा.